राजाने मासा आधी रांधला, मग पकडला
मासेमारीच्या चित्रांचा, चित्रपटांचा आणि प्रदर्शनांचा चटपटीत फेरफटका

मराठवाड्यातल्या नळदुर्गहून समुद्र तीनशे किलोमीटरहून लांब. गावाला बोरी नदी आहे, नदीवर आदिलशाही बंधारा आहे, बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. पण मासेमारी म्हटलं की महाराष्ट्राला वेसावा आठवतो, सातपाटी आठवते, मालवण आठवतं. नळदुर्ग कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. तरी मासा कसा पकडावा याची एक फार जुनी आणि फार बारीक नोंद झाली ती इथून सत्तरेक किलोमीटरवर, कल्याणीच्या चालुक्यांच्या राजधानीत. म्हणजे आजच्या बसवकल्याणात. नोंद करणारा कोळी नव्हता, भोईही नव्हता. चक्क राजा होता.

तिसरा सोमेश्वर त्याचं नाव, ‘भूलोकमल्ल’ हे बिरुद. 1126 ते 1138 ही त्याची कारकीर्द. 1130 च्या आसपास त्याने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. पाच भाग, प्रत्येक भागात वीस, अशी शंभर प्रकरणं. हत्ती धरण्यापासून गाण्या-नाचण्यापर्यंत सगळं त्यात आहे. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, ही नोंदही यातलीच. इडलीची आजी शोभेल अशी उडदाची ‘इड्डरिका’ यात सापडते आणि भाजलेल्या उंदरांची पाककृतीही सापडते. (दोन्ही एकाच पंक्तीला वाढत होते का, ते राजवाड्यालाच ठाऊक.)

या शंभरांतलं एक अख्खं प्रकरण आहे ‘मत्स्यविनोद’. विषय एकच, गळाची मासेमारी. माशांच्या पस्तीसेक जाती, त्यातल्या समुद्राच्या कुठल्या नि नदीच्या कुठल्या, खवल्यांच्या कुठल्या नि बिनखवल्यांच्या कुठल्या, अशी वर्गवारी लावलेली. कोणाला काय चारायचं तेही सांगितलेलं: तीळ, भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, भाताचे गोळे. आधी खायला घालून माशांना एका जागेची चटक लावायची आणि मग गळ सोडायचा. आज तलावाकाठी पिठाचे गोळे वळत बसलेला हौशी गळवाला नऊशे वर्षांपूर्वीचा राजेशाही धडाच गिरवत असतो, फक्त त्याच्याकडे प्लॅस्टिकची बादली असते.

गंमत पुढेच आहे. ग्रंथात भोजनाचं प्रकरण तिसऱ्या भागात येतं आणि मत्स्यविनोद चौथ्या भागात. म्हणजे राजेसाहेबांनी मासा आधी रांधला आणि मग पकडला!

मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 मध्ये या प्रकरणावर शोधनिबंध लिहिला, तेव्हा जीवशास्त्रवाल्यांचं त्याकडे लक्ष गेलं. 2005 मध्ये नलिनी साधले आणि वाय. एल. नेने यांनी ते पुन्हा उलगडलं. मला त्यात सर्वांत काय आवडतं? लिहिणाऱ्याने काठी हातात धरलेली आहे, हे कळतं. आमिष, दोर, माशाची खोड या गोष्टी काठावर छत्रीखाली बसून सुचत नाहीत. मासेमारीची चित्रं, चित्रपट, प्रदर्शनं बघताना मी हीच कसोटी लावतो: करणाऱ्याच्या हाताला पाणी लागलंय का?

नळदुर्गचा चित्रकार साहेब

राजाच्या ग्रंथावरून परत नळदुर्गात येऊ. 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांकडे आलेल्या मुलखाचा कारभार बघायला एक अधिकारी इथे येऊन राहिला. फिलिप मेडोज टेलर. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या 1839 च्या कादंबरीने विलायतेत नाव झालेला हाच तो. कमी लोकांना माहीत असतं की हा गडी हाताने चित्रंही काढायचा. त्याच्या दख्खनच्या रेखाटनांचं पुस्तक 1837 मध्येच लंडनला छापलं गेलं होतं. त्या काळी नळदुर्ग हे जिल्ह्याचं ठाणं होतं. 1857 पर्यंत टेलर इथे होता. पुढे त्याने ‘तारा’ नावाची कादंबरी लिहिली, तिच्यात तुळजापूर आलं.

आणि राहायला जागा काय मिळाली! इब्राहिम आदिलशहा दुसरा याने 1613 मध्ये बांधून घेतलेला बंधारा मुख्य किल्ल्याला रणमंडळ या उपदुर्गाशी जोडतो. पाणी चढलं की नर आणि मादी हे दोन धबधबे सुटतात आणि बंधाऱ्याच्या आत, पाण्याच्या पडद्यामागे, कोरडं राहून बसता येतं. पाणी बघण्यासाठी पाण्यातच खोली बांधणाऱ्याला प्रदर्शन कशाला म्हणतात ते नक्की समजलं होतं. मराठवाड्याला एखादं कलादालन हवं असेल, तर साडेतीनशे रुपयांचा फ्लेक्स न लावता पाणीमहालाकडून शिकावं.

परंपरा, पण थर्माकोलची

मराठवाड्यात समुद्र नसला तरी मासेमारी आहेच. भोई आहेत, तलावांवरच्या सहकारी संस्था आहेत, फेकून टाकायचं पाग-जाळं आहे, गळ आहे. आता या मासेमारीचं ‘पारंपरिक’ प्रदर्शन भरवायचं ठरवलं तर काय काय मांडावं लागेल, बघा.

जाळं नायलॉनचं. जुनं सुती किंवा तागाचं जाळं कुजू नये म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवत. नायलॉन आलं आणि तो काढा संपला. तराफा थर्माकोलचा. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातले तुकडे पोत्यात शिवून त्यावर माणूस बसतो आणि हाताने पाणी मारत जाळ्यापर्यंत जातो. ते नाहीच मिळालं तर ट्रॅक्टरची ट्यूब. मासे कटला आणि रोहू, म्हणजे मूळचे गंगेकडचे, बोटुकली आणून सोडलेले. आणि चिलापी तर थेट आफ्रिकेची. ती 1952 मध्ये भारतात आली आणि दोन पिढ्यांत अशी मुरली की भिगवणला लोक गाडी वळवून ती खायला थांबतात.

जुनं म्हणावं असं एक तंत्र उरलं होतं: हिंगणबेटाचं फळ किंवा साल कुटून डोहात टाकायची, मासे गुंगतात, वर येतात. त्यावर ब्रिटिश हिंदुस्थानात 1897 च्याच कायद्याने गदा आली. पाण्यात विष कालवणं आणि सुरुंग लावणं, दोन्ही एकाच कायद्यात बंद. राज्यात 2018 मध्ये थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी आली. तराफ्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही हे बरंच झालं. तरी माझं मत आहे, एक तराफा आत्ताच संग्रहालयात ठेवावा. शे-दोनशे वर्षांनी तोच खरा ऐवज ठरेल.

गंजाडचं जाळं, ड्युसेलडॉर्फची भिंत

मासेमारीच्या पद्धतीवर महाराष्ट्रात झालेलं सर्वांत जबरदस्त चित्र कोणतं, असं मला कोणी विचारलं तर मी एका क्षणात सांगेन: जिव्या सोमा म्हसे यांचं मासेमारीचं जाळं.

म्हसे यांचा जन्म 1934 चा. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचा कळंबीपाडा हे त्यांचं गाव. लहानपणी आई गेली आणि पोर मुकं झालं. बोलायचं ते धुळीत चित्र काढून. वारली चित्रं तोवर लग्नाच्या चौकाला बायका काढत. म्हसे पुरुष असून रोज काढायला लागले, लग्न असो नसो. 1970 च्या दशकात हस्तकला खात्याकडून भास्कर कुलकर्णी त्या भागात पोचले आणि झोपड्यांच्या भिंतींवरची ही चित्रं कागदावर आली. 1976 मध्ये म्हसेंना राष्ट्रीय पुरस्कार, 2011 मध्ये पद्मश्री. 2018 मध्ये ते गेले.

त्यांनी जाळं एकदाच नाही काढलं, पुन्हा पुन्हा काढलं. शेणाने सारवलेलं कापड, त्यावर पांढरा रंग. आणि चित्रभर, अगदी कडेपर्यंत, जाळंच जाळं. हजारो बारीक रेघा, एकही रेघ फुटपट्टीची नाही. माणूस कोपऱ्यात, बोटाच्या पेराएवढा. मासे त्याहून लहान. नेहमीचा चित्रकार होडी मोठी काढतो, कोळी मोठा काढतो, जाळं चार रेघांत उरकतो. इथे सगळा हिशेब उलटा. जाळं विणायला किती वेळ लागतो हे ज्याला माहीत आहे, त्यानेच रेघ-रेघ करत जाळ्याला तेवढा वेळ द्यावा, यात मला फार मोठं शहाणपण दिसतं. बघता बघता त्या रेघा हलायला लागतात. पाण्याचा एक थेंब न रंगवता चित्र ओलं होतं.

1998 मध्ये दिल्लीच्या क्राफ्ट्स म्युझियममध्ये पाच लोककलावंतांचं ‘अदर मास्टर्स’ हे प्रदर्शन झालं, त्यात म्हसे होते. 2003 मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयाने त्यांची चित्रं ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्या कामाशेजारी मांडली. लाँग म्हणजे चालत जाऊन दगडांची वर्तुळं मांडणारा, चिखलाने भिंती रंगवणारा माणूस. तो वारली मुलखात येऊन गेला. एकाच्या भिंतीवर चिखल, दुसऱ्याच्या कापडावर शेण. दोघांचं जमलं नसतं तरच नवल!

कोळीण दिसते, डोल दिसत नाही

समुद्रकाठची गोष्ट जरा विचित्र आहे. कोळीण चित्रात भरपूर आली. नागपूरजवळच्या बेल्याच्या बी. प्रभा यांनी लांबसडक मानेच्या, टोपलीवाल्या कोळिणी रंगवून त्यांना घरोघरच्या दिवाणखान्यात नेलं. ‘मी डोलकर’ या शान्ता शेळके यांच्या गाण्याने हृदयनाथ मंगेशकरांची चाल आणि लता-हेमंतकुमारांचे आवाज घेऊन सगळ्या महाराष्ट्राला डोलायला लावलं. स्नेहसंमेलनात हे गाणं झालं नाही अशी शाळा विरळा. पण डोल दिसते कशी, हे त्या नाचणाऱ्या पोरांपैकी कितींना सांगता येईल?

तर ऐका. डोल म्हणजे शंकूच्या आकाराचं भलंमोठं पिशवीजाळं. ते माशामागे धावत नाही. समुद्राच्या तळाशी खुंट पक्के करून त्यांना जाळ्याचं तोंड बांधायचं, प्रवाहाच्या समोर. भरती-ओहोटीचं पाणी मासळीला वाहून आणतं आणि ती आपणहून पिशवीत शिरते: बोंबील, जवळा, करंदी. पाणी उलटायच्या आत जाळं उचललं पाहिजे, नाहीतर मिळवलेलं पाण्याबरोबर परत जातं. म्हणून डोलीचं घड्याळ चंद्रावर चालतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाण्याला ओढ, धंदा जोरात. मधल्या भांगाच्या दिवसांत पाणी मंद आणि जाळंही मंद. समुद्रातल्या डोलीच्या जागा घराघरांच्या ठरलेल्या असत. सातबारा नाही, कुंपण नाही, तरी सगळ्या गावाला माहीत.

डिझेल न जाळता, पाठलाग न करता, पाण्याच्याच जोरावर चालणारं हे यंत्र. चित्रकारांनी ते सोडून दिलं, कारण ते पाण्याखाली असतं. वर दिसतात फक्त बोये.

पाण्याखालचं बघायला गेलेले

सर्वनिक कौर यांचा ‘अगेन्स्ट द टाइड’ हा माहितीपट मात्र खोल पाण्यात उतरला. मुंबईतले दोन कोळी, जिवाभावाचे मित्र. एक बापजाद्यांच्या रीतीने उथळ समुद्रात जाळं लावतो. दुसरा मोठी बोट घेऊन खोल समुद्रात एलईडी दिवे लावून मासे ओढतो. एलईडीच्या मासेमारीवर केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्ये बंदी घातली, म्हणजे दुसऱ्या मित्राचा धंदा कर्जाचाही आणि बेकायदाही. 2023 मध्ये सनडान्स महोत्सवात या माहितीपटाला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. मला त्यात पुरस्काराहून भांडणं आवडली. परंपरा वाचवावी की हप्ता भरावा, या वादात दोघंही बरोबर बोलतात.

ठाण्यातल्या चेंदणी कोळीवाड्यातले शिल्पकार पराग तांडेल आणि कादंबरी कोळी यांनी वेगळीच वाट धरली. त्यांनी ‘तांडेल फंड ऑफ आर्काइव्ह्ज’ काढला: कोळी समाजाच्या वस्तू, आठवणी, शब्द, पाककृती गोळा करायच्या आणि संग्रहालयाची वाट न बघता लोकांपुढे मांडायच्या. बोटीचा प्रमुख तो तांडेल, आणि इथे आडनावच तांडेल. संग्रहाचं सुकाणू योग्य हातात आहे म्हणायचं.

गोव्यात डॉ. सुबोध केरकर हे वैद्यकी सोडून कलेत आलेले गृहस्थ. 2015 मध्ये त्यांनी पिळर्णला ‘म्युझियम ऑफ गोवा’ उघडलं. त्यांनी मच्छीमारांनाच वाळूवर उभं-आडवं करून मांडणशिल्पं रचली आणि त्यांची छायाचित्रं घेतली. लाट आली की प्रदर्शन संपलं. आता काही जणांना हे फार देखणं वाटतं. मला त्यात मच्छीमार थोडे कवायतीला उभे केल्यासारखे दिसतात. पण गोव्याच्या रांपणकारांना, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांना, शिस्तीत उभं राहता येतं, याचा पुरावा इतिहासात आहे. 1970 च्या दशकात ट्रॉलर आणि पर्सिनवाल्यांविरुद्ध ते मच्छीमार नेते माथानी साल्ढाणा यांच्यासोबत असे उभे राहिले की 1980 मध्ये गोव्याला सागरी मासेमारीचा कायदा करावा लागला. महाराष्ट्राचा कायदा त्यानंतरच्या वर्षीचा.

‘साहेब, पुन्हा एकदा करून दाखवू?’

जगभर मासेमारीच्या पद्धती टिपणाऱ्यांना एक जुनाच रोग आहे, उशिरा पोचण्याचा. रॉबर्ट फ्लॅहर्टी 1934 च्या ‘मॅन ऑफ अरान’साठी आयर्लंडच्या बेटांवर गेला. त्याला भाल्याने अवाढव्य मुशी मारणारे वीर हवे होते. ती शिकार बेटावर कधीच बंद पडलेली. मग काय, बेटकऱ्यांना भाला कसा मारायचा हे नव्याने शिकवलं आणि चित्रीकरण उरकलं. व्हेनिसला त्या चित्रपटाने बक्षीस मारलं, मुसोलिनीच्या नावाचं.

श्रीलंकेत पाण्यात रोवलेल्या काठीवर बसून मासे धरणारे कोळी स्टीव्ह मॅकरी यांनी 1995 मध्ये टिपले. फोटो इतका गाजला की आता तिथे काठीवर बसणाऱ्यांपैकी बरेच जण माशासाठी नाही, पर्यटकासाठी बसतात. मासा फुकट येतो, फोटोचे पैसे लागतात. ही पद्धत फार प्राचीन असेल अशी समजूत असते. ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली असल्याचं सांगतात.

जपानमधल्या गिफूच्या नागारा नदीवर पाणकावळ्यांकडून मासे धरवतात. पक्ष्याच्या गळ्यात दोरा असा बांधतात की लहान मासा पोटात जावा, मोठा अडकून राहावा. हे पाणकावळे पिंजऱ्यात जन्मलेले नसतात. इबाराकीच्या किनाऱ्यावर रानातले पकडून आणतात. त्यांच्याकडून मासे धरवणारे नऊ वस्ताद सम्राटाच्या दरबाराचे अधिकृत सेवक आहेत, पगारपत्रकासकट. चित्रकार केइसाई एइसेनने 1830 च्या दशकात या नदीवरच्या मशालींचं छापचित्र केलं, चार्ली चॅप्लिन हा खेळ बघायला दोनदा गेला.

त्याच जपानची आणखी एक युक्ती मला सर्वांत जास्त भावते. ग्योताकू. पकडलेल्या माशालाच शाई फासायची, वर कागद दाबायचा, उचलायचा. खवलं न् खवलं उमटतं, खऱ्या मापाचं. एकोणिसाव्या शतकात हौशी गळवाल्यांनी पकडलेल्या माशाचा पुरावा म्हणून हे सुरू केलं. गळवाल्यांच्या गप्पांत मासा दर वेळी वीतभर वाढतो, हा जागतिक नियम असल्यामुळे पुराव्याची गरज कोणालाही पटावी. आपल्याकडे उजनीच्या किंवा बोरीच्या काठी हे सुरू झालं तर कितीतरी दोस्त्या धोक्यात येतील.

घोड्यावरून कोळंबी

बेल्जियममध्ये ओस्टडुइनकेर्क नावाचं गाव आहे. तिथे माणसं पिवळ्या कोटात, दांडग्या घोड्यावर बसून, छातीभर समुद्रात शिरतात आणि घोड्याकडून जाळं ओढून कोळंबी काढतात. असं करणारी घरं डझन-दीड डझनच. 2013 मध्ये युनेस्कोने ही पद्धत मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घातली. 2016 मध्ये दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरच्या पाणबुड्या बायका, ‘हेन्यो’, त्याच यादीत गेल्या. नळकांडं न लावता, श्वास रोखून बुडी मारणाऱ्या, त्यातल्या कित्येक आज्या.

भारताच्या त्या यादीत योग आहे, कुंभमेळा आहे, दुर्गापूजा आहे, गरबा आहे. मासेमारीची एकही पद्धत नाही. डोल नाही, पाग नाही, रापण नाही. कोकणच्या सड्यांवरची कातळशिल्पं, ज्यांत हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी शार्क आणि पाकट कोरून ठेवले आहेत, ती 2022 मध्ये दुसऱ्या, म्हणजे जागतिक वारसास्थळांच्या, संभाव्य यादीत पोचली. थोडक्यात, मासा रांगेत लागला. जाळं अजून घरीच.

माझं मत रापणीला. सिंधुदुर्गात होडीने समुद्रात अर्धवर्तुळ करून जाळं सोडतात आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून चाळीस-पन्नास माणसं ओढतात. मग किनाऱ्यावरच वाटे पडतात: जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा. युनेस्कोच्या अर्जाला त्या समाजाची लेखी संमती जोडावी लागते. इथे सह्या गोळा करायला दारोदार हिंडायची गरज नाही. दोरीच्या दोन्ही टोकांना कागद फिरवला की झालं. फक्त ओढ चालू असताना फिरवू नये.